तुळशीत भांग

माणसाची पारख झाडांवरून करण्याची आपल्या भाषेला जुनी खोड आहे. सज्जनांच्या घरात एखादे पोर वाह्यात निघाले, की आपण म्हणतो, 'तुळशीत भांग उगवली.' आणि वाह्यातांच्या घरात एखादे गुणी निघाले, की 'भांगेत तुळस.' हे दोन्ही वाक्प्रचार मी दादरच्या एका कॉलेजात गेली अठरा वर्षे शिकवीत आहे. मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत त्यांचा वाक्यात उपयोग करून दाखवतात आणि विसरून जातात. तुळस त्यांच्या ओळखीची असते. गिरगावातल्या वाडीत तिला वृंदावन असते, लालबागच्या चाळीत ती गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या तेलाच्या डब्यात असते, आणि परळच्या नव्या मनोऱ्यांत पंचविसाव्या मजल्यावर चिनी मातीच्या कुंडीत असते. भांग मात्र कोणीच पाहिलेली नसते. निदान वर्गात तसे कोणी कबूल करीत नाही. 'भांग' म्हटले, की पुढच्या बाकावरच्या मुलींना केसांतला भांग आठवतो आणि मागच्या बाकावर खसखस पिकते.

त्या मागच्या बाकावरूनच एकदा प्रश्न आला, "सर, भांग बाळगणं हा गुन्हा आहे का?" प्रश्न खोडसाळ होता; पण प्रश्न होता. मराठीच्या प्राध्यापकाने कायद्याच्या वाटेला जाऊ नये, हे मला कळते. परंतु कायदा हेही शेवटी गद्यच, आणि अवघड गद्य वाचण्याची आम्हां परीक्षकांना सवय असते. मी पुस्तक मागवले आणि वाचू लागलो.

वर्तमानपत्रे ज्या कायद्याला 'एनडीपीएस' म्हणतात, त्याचे मराठी नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' असे भरघोस आहे. नाव उच्चारून संपेपर्यंतच माणसाला थोडी गुंगी येते. या कायद्याच्या दृष्टीने झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे म्हणजे गांजा. झाडाची राळ काढली तर चरस. दोन्ही बाळगणे गुन्हा. मात्र शेंडे सोबत नसतील, तर पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे झाड एकच; त्याचा शेंडा गुन्हेगार आणि पान निर्दोष! ते पान वाटले, की भांग होते.

मग भांग सुटली म्हणावे, तर तसेही नाही. आपल्या राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम अजून जिवंत आहे. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. त्याने भांगेलाही दारूच्याच पंगतीला बसवले आहे. परवान्यावाचून ती बाळगता येत नाही. या कायद्याच्या संसाराची गोष्ट मोठी मौजेची आहे. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा भांडीकुंडी वाटून घ्यावीत तसा हा कायदाही दोन्ही घरी गेला. गुजरातने दारूबंदी आपल्यापेक्षा कडक पाळली. तरी २०१७ साली, महाशिवरात्रीच्या तोंडावर, त्याच गुजरातने आपल्या प्रतीतून भांगेचे नाव काढून टाकले. भांग हा शंकराचा प्रसाद म्हणून घेतला जातो आणि लोकांना उगाच खटल्यांचा त्रास होतो, असे कारण सरकारने दिले. एका पोटच्या दोन कायद्यांपैकी एकाने भांगेला घरात घेतले, दुसऱ्याने उंबऱ्याबाहेर ठेवले. बाबुलनाथाच्या पायरीवर जे पान परवाना मागते, ते तलासरी ओलांडली की प्रसाद होते.

गिरगावच्या आमच्या जुन्या वाडीत या कायद्याची पहिली ओळख दारूमुळे झाली होती. १९५० च्या एप्रिलपासून मुंबईत पूर्ण दारूबंदी आली. ज्याला प्यायचीच असेल त्याने प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा दाखला मिळवायचा आणि परमिट काढायचे. माझे आजोबा सांगत, "वाडीत दोन गृहस्थ सारखीच घेत. एकाकडे परमिट होतं, तो आजारी. दुसऱ्याकडे नव्हतं, तो गुन्हेगार." आजोबा स्वतः सुपारीलाही शिवत नसत, त्यामुळे त्यांना हे निर्मळ मनाने सांगता येई. पुढे बंदी सैल झाली, तरी कागदावर परवाना राहिलाच. आजही महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा असा नियम आहे, आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तो खिशात घेऊन कोण हिंडतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

गांजाच्या वाट्याला असा पाच रुपयांचा मार्गही आला नाही. वास्तविक आपल्या देशात त्याची चौकशी फार पूर्वी झाली होती. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि भारत सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तीन भारतीय. या मंडळींनी प्रांतोप्रांती हिंडून १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांत 'गांजामुळे वेड' अशी नोंद असलेल्या रोग्यांची प्रकरणे त्यांनी पुन्हा तपासली, तेव्हा अनेकांच्या बाबतीत ते कारण टिकेना. रकाना होता म्हणून तो भरला होता, इतकेच. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. तेव्हा बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. साहेबाला महसुलाची काळजी होती हे खरे. पण इतक्या लोकांना विचारून मग मत बनवण्याची ती पद्धत मला आवडते.

पुढे वारे बदलले. १९६१ साली मादक द्रव्यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजा अफूच्या शेजारी जाऊन बसला. जेथे त्याच्या सेवनाची जुनी चाल होती, त्या देशांना ती मोडण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली असताना आपल्याकडे १९८५ चा कायदा झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अमलात आला. त्या काळाची भीती खोटी नव्हती. तेव्हा गर्द शहरात शिरली होती आणि तरुण मुलांना गिळत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. कायद्याने जाळे टाकले ते अशा मगरींसाठी. परंतु जाळे बारीक विणले होते. त्यात किनाऱ्यालगतची चिंगळीही सापडली.

२००१ साली कायद्याने तराजू हाती घेतला. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती 'अल्प मात्रा', २० किलोंच्या वर गेला तर 'व्यापारी मात्रा'. चरसाला हीच मापे १०० ग्रॅम आणि १ किलो अशी आहेत. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुधारणा चांगली होती. व्यापारी आणि शौकीन हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे तिने मानले. पण तराजूत पुडीच काय ती चढते. ती बाळगणारा कोण, किती वर्षांचा, पहिल्यांदाच सापडला की दहाव्यांदा, हे त्या काट्याला दिसत नाही.

हे सारे मी पुस्तकात वाचले आणि पुस्तकातच ठेवले असते. पण २०१८ साली लालबागच्या एका विद्यार्थ्याची आई माझ्याकडे आली.

मुलगा माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होता. एकोणीस वर्षांचा, अबोल, अक्षर सुरेख. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर जाता आले नाही. वडील हयात नाहीत. आई पोळीभाजीचे डबे करते. मुलगा मित्रांबरोबर पुलाखाली उभा असताना झडती झाली आणि त्याच्या खिशात पुडी निघाली. गांजा होता काही ग्रॅम, आई म्हणाली, "आमच्या फोडणीला हिंग लागतो, तेवढा." खटला उभा राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यात भेटलेल्या वकिलाने सल्ला दिला, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, दुपारच्या आत मोकळे व्हाल." आणि खरोखरच दुपारच्या आत सगळे आटोपले. काही हजार रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. आईने घरी येऊन दृष्ट काढली.

ती माझ्याकडे आली ते यानंतर आठ महिन्यांनी. मुलगा एका सरकारी नोकरीच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. भरून द्यायच्या कागदांत एक प्रश्न होता: आपणांस कधी न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय? मुलाने 'होय' लिहिले. नोकरी गेली. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"सर, दंड भरला होता ना आम्ही? ही पावती आहे."

"ताई, दंड फिटला. दोष राहिला," मी म्हणालो.

"म्हणजे कधीपर्यंत राहणार?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. व्याकरणात भूतकाळाचे प्रकार असतात. काही क्रिया पूर्ण होतात, काही होऊन गेल्या तरी चालूच राहतात. हे मी मुलांना फळ्यावर शिकवतो. त्या बाईंना ते सांगणे शक्य नव्हते.

हे एकट्या लालबागच्या मुलाचे नाही. 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत या कायद्याखाली निकालात निघालेली दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली आणि २०२० साली आपले निष्कर्ष मांडले. जवळजवळ सर्व प्रकरणे स्वतःच्या सेवनाची होती. बहुसंख्य गांजा-चरसाची. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केला होता, आणि त्यांत मोठा भरणा रोजंदारीवरच्या आणि झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणाऱ्या माणसांचा होता. मगरी धरायला टाकलेल्या जाळ्याचा हा हिशेब आहे. याचा अर्थ ओढणारे तेवढेच आहेत असा नव्हे. दिल्लीच्या 'एम्स'ने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख आहेत. त्यांतल्या ज्याला बंद दाराची खोली आहे, त्याला झडतीची भीती नाही. पुलाखाली उभा राहणाऱ्याला आहे.

मी पुन्हा ते गद्य उघडले, आणि या वेळी बाईंच्या प्रश्नासाठी वाचले. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी. आपल्याकडे १९५८ पासून परिवीक्षा कायदा आहे. पहिल्याच वेळी किरकोळ चोरी करताना सापडलेल्या माणसाला न्यायाधीश समज देऊन सोडू शकतो. आणि असा सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता पुढे चिकटत नाही. किती शहाणपणाची तरतूद! पण १९८५ च्या कायद्याचे कलम ३३ म्हणते, की ही सवलत अठरा वर्षांखालच्यांना मिळेल, किंवा गुन्हा सेवनाचा म्हणजे कलम २७ चा असेल तर मिळेल. कलम २६ चा अपवाद परवानाधारकांसाठी आहे, तो येथे लागू नाही. पुडी खिशात सापडली तर कलम २० लागते, आणि त्याला सवलत नाही. म्हणजे हा मुलगा झुरका मारताना सापडता, तर त्याला समज देऊन सोडता आले असते. त्याने ओढला नव्हता, नुसता खिशात ठेवला होता, म्हणून येत नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घातला असता, तरी आले असते!

दुसरी गोष्ट कलम ६४अ ची. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या आरोपातला माणूस स्वतः होऊन सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याच्यावरचा खटला टळतो. हीही चांगली तरतूद. पण ती 'व्यसनी' माणसासाठी आहे. ज्याला व्यसन लागले आहे त्याला दार उघडे. ज्याने चार मित्रांच्या नादाने एकदा पुडी घेतली, त्याला बंद. आजोबांच्या वाडीतले परमिट मला आठवले. तेथेही आजारी ठरल्यावाचून सुटका नव्हती.

हे सगळे मी आमच्या इमारतीतल्या अण्णांना सांगितले. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. संध्याकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारताना ते माझे बोलणे शांतपणे ऐकतात. त्या दिवशी मात्र ते तिथल्या तिथे थांबले.

"प्राध्यापक, तुम्हांला कागद दिसतो. मी आमच्या पुतण्याला पाहिलंय. सोळाव्या वर्षापासून ओढत होता. विसाव्या वर्षी त्याला भिंतींतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. त्याच्या आईची दशा तुम्ही पाहिली नाहीत. आणि तुम्ही म्हणता, सोडून द्या?"

अण्णांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोवळ्या वयात आणि नेमाने ओढलेला गांजा मेंदूला अपाय करतो, आणि काहींच्या बाबतीत भ्रमिष्टपणाला निमंत्रण देतो, हे आज डॉक्टर स्पष्टपणे सांगतात. १८९४ च्या अहवालानंतर वैद्यक पुष्कळ पुढे आले आहे. शिवाय त्या 'एम्स'च्या पाहणीतच ७२ लाख लोकांना या झाडापायी मदतीची गरज आहे असे म्हटले आहे. गांजणे आणि गांजा या शब्दांचे नाते व्युत्पत्तीत असो वा नसो, अण्णांच्या वहिनींच्या घरात ते होते.

आम्ही कट्ट्यावर बसलो. मी हळूच विचारले, "अण्णा, त्याला डॉक्टरांकडे कधी नेलं?"

"भिंतींचं सुरू झालं तेव्हा."

"चार वर्षं कळलं नव्हतं?"

अण्णा बराच वेळ समोरच्या जाळीतला क्रिकेटचा सराव पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं माहीत होतं. पण दवाखान्यात नेलं की कागद होणार, कागद झाला की पोलीस येणार, असं दादाला वाटायचं. पोराचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसले."

त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. लालबागच्या मुलाची नोकरी ज्या भीतीने घेतली, तिनेच अण्णांच्या पुतण्याची दोन वर्षे घेतली होती. एकाला औषधाची गरज नव्हती आणि शिक्षा मिळाली. दुसऱ्याला औषधाची गरज होती आणि शिक्षेच्या धाकाने ते मिळाले नाही.

कायदा बदलावा असे म्हणणारे आपल्याकडे कोणी नाहीत असे नाही. मुंबईच्याच विशेष न्यायालयाने २००८ साली चरसाच्या प्रकरणात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या एका माणसाला फाशी सुनावली होती, कारण अशा गुन्ह्याला कायद्यात दुसरी शिक्षाच नव्हती. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. न्यायाधीशाच्या विवेकाला जागा हवी, असे सांगितले. २०१४ साली संसदेने कायद्याच्या शब्दांत तसा बदल केला. २०१६ साली पतियाळाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी सौम्य मादक पदार्थांसाठी खासगी विधेयक पुढे आणले. ते कायदा होऊ शकले नाही. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे, गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून काढावे काय, असा प्रश्न मताला आला. २७ विरुद्ध २५ मतांनी तो निघाला, आणि त्या सत्तावीस मतांत एक भारताचे होते. २०२१ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने, स्वतःच्या सेवनापुरती अल्प मात्रा बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे, अशी शिफारस केली. अल्प मात्रा बाळगणे अजूनही गुन्हाच आहे.

राज्यांचे लक्ष निराळीकडे आहे. उत्तराखंडाने २०१८ साली या झाडाच्या धाग्यासाठी लागवडीचे परवाने दिले. हिमाचलाच्या विधानसभेने २०२४ साली औषध आणि उद्योग यांसाठी लागवड करावी असा अहवाल स्वीकारला. कायद्याच्या कलम १० ने राज्यांना अशी परवानगी देण्याची मुभा आहेच. झाडापासून दोर होतो, कापड होते, औषध होते, महसूल होतो. ते सर्व व्हावे. पण ज्याच्या खिशात ते सापडले त्या मुलाचा विचार करायला अजून कोणत्याच राज्याला सवड झालेली दिसत नाही.

जगाकडे पाहावे, तर तेथेही एकच एक वाट नाही. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरते बाळगणे गुन्ह्यातून काढले. गांजा तेथे कायदेशीर नाही, पण सापडलेल्याला फौजदारी कोर्टाऐवजी कायदा, वैद्यक आणि समाजकार्य जाणणाऱ्या एका मंडळासमोर नेतात. जर्मनीने २०२४ साली प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची मोकळीक दिली. थायलंडने २०२२ साली सारीच दारे उघडली, गल्लोगल्ली दुकाने झाली, आणि २०२५ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री नको असे म्हणावे लागले. थायलंडची घाई मला आपल्याकडे नको आहे. परळच्या नाक्यावर गांजाचे दुकान लागावे, असे मला मुळीच वाटत नाही. माझीही मुलगी त्याच रस्त्याने क्लासला जाते.

माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. विकणाऱ्याला जी शिक्षा आहे ती असू द्या. पण अल्प मात्रेसह पहिल्यांदा सापडलेल्याला, चोराला मिळते ती परिवीक्षेची सवलत मिळू द्या. त्यासाठी कलम ३३ मध्ये एका आकड्याची भर पुरेल. कलम ६४अ चे दार व्यसनी नसलेल्यालाही उघडा; त्याला औषध नको असेल, तर चार वेळा समुपदेशकासमोर बसवा. आणि आईबापांना हे मोठ्याने सांगा, की मुलाला डॉक्टरकडे नेणे म्हणजे त्याला पोलिसांकडे देणे नव्हे. मंत्रालयाची शिफारस याहून पुढे जाते. ती मान्य झाली तर उत्तमच.

दिवाळीचा अंक घरातले सर्वजण वाचतात, म्हणून हा विषय येथे काढला. फराळाच्या ताटाशी तो शोभत नाही, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरात हे बोलायचे कधी? पुडी सापडल्यावर बोलण्यात भीतीच जास्त असते. तुळशीत भांग उगवली, असे म्हणून आपण कपाळाला हात लावतो आणि मुलाच्या पाठीमागे दार लावून घेतो. माळी असे करीत नाही. तो आधी पाहतो, की उगवले आहे ते खरोखर भांगच आहे, की तुळशीचेच, पण पाण्यावाचून वेडेवाकडे वाढलेले रोप.

लालबागचा तो मुलगा आता मंडप घालणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हिशेब लिहितो. अक्षर अजूनही सुरेख आहे. मध्यंतरी त्याने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले होते. दोन्हींत तो प्रश्न होता, आणि दोन्ही वेळा त्याने 'होय' लिहिले. "खोटं लिहू नकोस असं तुम्हीच सांगितलंत ना, सर," असे तो सहज बोलून गेला. पुडी त्याच्या खिशातून काढून घेतली, त्याला आता सात वर्षे होऊन गेली. त्याच्या कागदांतून ती अजून निघालेली नाही.